हुकूमशहाची बोळवण

रोह्याला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, त्या घरमालकांनी माझ्यावर पाळत ठेवली होती. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. खोली दाखवतानाच त्यांनी ते सांगून टाकलं होतं. "पाणी सकाळी येतं. कपडे गॅलरीत वाळत घाला. मी तुमच्यावर नजर ठेवणार. तुम्हीही माझ्यावर ठेवायची. आहे कबूल?"

मी चळवळीतली. आमच्या सभेत मागच्या रांगेला साध्या कपड्यांत बसून, शेंगदाणे खात खात नावं टिपून घेणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्यामुळे मी तिथल्या तिथे भडकले. "कशासाठी?"

"सिनेमासाठी," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

काका (मी त्यांना काकाच म्हणायचे) धाटावच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झाले होते. त्यांच्या शिफ्टमधले बाकीचे लोक रिटायर होऊन आंब्याची कलमं लावत होते, नातवंडं फिरवत होते, सकाळी कुंडलिका नदीच्या काठाने हात झटकत चालत होते. काकांनी सिनेमा काढायला घेतला. तोही हुकूमशाहीवर. देशाला नाव नाही, हुकूमशहाला नाव नाही. गाणं नाही, मारामारी नाही. एक बाई मीठ पिकवते, तिचा नवरा रांगेत उभा राहतो, शेजारी शेजाऱ्याची खबर देतो.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? दुसऱ्या दिवशीही तेच."

"मग यात घडतं काय, काका?"

"घडत नाही ना काही! तेच तर भयंकर आहे, पत्रकबाई."

पत्रकबाई हे माझं नाव त्यांनी मी राहायला गेले त्याच आठवड्यात ठेवलं. संघटनेची पत्रकं मी लिहायचे. लाल शाई, ठळक मथळा, शेवटी तीन उद्गारचिन्हं. काका जिन्यातच गठ्ठा अडवायचे, वरचं पत्रक वाचायचे आणि तिसऱ्या उद्गारचिन्हावर बोट ठेवायचे. "हे काढा. माणूस दचकायचा तो दुसऱ्यालाच दचकतो. तिसऱ्याला त्याला कळतं की तुम्हीच घाबरलायत." मी काढलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

सिनेमातला देश कसा असेल हे अंगवळणी पडावं म्हणून काकांनी तो आधी घरातच सुरू केला. दिवेलागणीनंतर मोठ्याने बोलायला बंदी. कोण आलं, कोण गेलं, कोण काय पुटपुटलं, हे प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल कळवायचं. मी काकूंची खबर द्यायची, काकूंनी काकांची, काकांनी माझी. काकू आधी डोक्याला हात लावून बसल्या. मग त्यांना गोडी लागली.

"बोला, आज काय पाहिलंत?" जेवताना काका साहेबी आवाज काढून विचारायचे.

"दुपारी एक इसम स्वयंपाकघरात शिरला," काकू भात वाढता वाढता सांगायच्या. "त्याने फडताळातून बेसनाचे लाडू काढून खाल्ले. त्या इसमाला शुगर आहे. डबा होता तिथे ठेवला, पण झाकण वाकडं लावलं."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. "ही खबर सरकारविरोधी आहे!"

"खरी की खोटी, तेवढं सांगा."

"खरी असली म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा शेजारच्या घरात हद्दपार झाला. मला वाटलं, आता देश आवरता घेतील. पण काका गॅलरीत येऊन माझ्या कानाशी कुजबुजले, "बघितलंत? एवढ्या वर्षांचा संसार, आणि खबर देताना हिचा हात थरथरला नाही. वर भातावर तूप घालत होती. हे घ्यायलाच हवं." आणि त्यांनी ते घेतलं. त्यांच्या सिनेमात बायको नवऱ्याची खबर देते ती ताट वाढता वाढता. लाडवाच्या जागी रेडिओ आहे, बाकी सगळं काकूंचं.

त्यांचं एक पालुपद होतं. "घाबरलेली माणसं दाखवायची नाहीत. घाबरायची सवय झालेली माणसं दाखवायची. घाबरलेला पळतो. सवय झालेला चहा पितो." मला हे अजिबात पटायचं नाही. माझं म्हणणं, वळलेल्या मुठी दाखवा. उठलेली जनता दाखवा.

"कुठली जनता?"

"ही!" मी खिडकीतून खालचा बाजार दाखवायचे.

"ती उठते ना. रोज उठते. पहिल्या गाडीला."

असं बोलून हा माणूस निवांत सुपारी कातरत बसायचा. माझा नुसता जळफळाट.

पेणच्या रांगेची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरून आमचं खरं भांडण झालं. पेणला एसटी स्टँडजवळ कायमच्या बंद पडलेल्या एका दुकानाच्या शटरसमोर काकांनी शिफ्टमधले चार मित्र रांगेत उभे केले आणि रस्त्याच्या पलीकडून, बांबूला मोबाईल बांधून, चित्रण सुरू केलं. आजूबाजूला कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बघता बघता रांग वाढली. बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई येऊन लागली. तिच्यामागे कॉलेजातली दोन पोरं. त्यांच्यामागे गागोद्याकडून बाजाराला आलेले एक आजोबा, बगलेत छत्री. रांग कशाची आहे हे एकानेही विचारलं नाही. मला राहवेना. मी जाऊन म्हटलं, "आजोबा, ही खोटी रांग आहे. सिनेमाची."

"असूं दे. शटर कवा उघडतान?"

"उघडणारच नाही! दुकान बंद पडलंय!"

आजोबांनी पुढच्या पाठी न्याहाळल्या. "मग एवढी मानसं काय येडी हायत?" आणि छत्रीने मला बाजूला सारत म्हणाले, "मधी घुसू नको गो बाय. मागून ये."

काका रस्त्यापलीकडे बांबू धरून आनंदाने डुलत होते. घरी आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. गरीब माणसाला उन्हात उभं करून त्याची गंमत बघता? हा शोषणाचा प्रकार आहे! काका म्हणाले, "मी चौघांनाच उभं केलं होतं. बाकीच्यांना कोणी उभं केलं, ते शोधा आणि त्याच्यावर पत्रक काढा." मग मोबाईल माझ्यासमोर धरला. "माझ्या मित्रांचा अभिनय टुकार आहे हो. पण मागची माणसं बघा! काय उभी राहिलीत!"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी काकूंमार्फत खबर मागवली की पत्रकबाई अजून रागात आहेत का. काकूंनी खबर दिली, "आहे. पण पोहे खाल्लेन."

आता मूळ मुद्दा. धरमतरच्या खाडीला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. गावाचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती जमीन, त्यातली मिठागरं आणि होड्या लावायची वाट, हे सगळं बार्जच्या नव्या जेटीला देऊन टाकायचं, असा ठराव ग्रामसभेपुढे येणार होता. आणणारे भाऊ. भाऊ सरपंच नव्हते, सदस्य नव्हते, त्या गावचे मतदारसुद्धा नव्हते. भाऊ भाऊ होते. वाढदिवसाचा बॅनर त्यांचा, दहीहंडीचा त्यांचा, कुणी वारलं तर श्रद्धांजलीच्या फोटोपेक्षा मोठा फोटो त्यांचा. ग्रामसभेत ते 'मार्गदर्शक' म्हणून वर खुर्चीत बसायचे आणि समोरच्या एकेका तोंडाकडे बघायचे. ते बघायला लागले की हात आपोआप वर. याला लोकशाही म्हणतात!!! (तिन्ही राहू द्या.)

मी त्या गावात घरोघर पत्रकं वाटली. गावाने ती आदराने घेतली, आणि पुढच्या बाजाराला पेणमध्ये त्यांत सुकट बांधून विकली.

त्या खाजणात आक्काचं मिठागर होतं. आक्का म्हणजे उन्हाने रापलेली, काटक बाई. नवरा गेल्यापासून बांधापासून विक्रीपर्यंत सगळं एकटी बघायची. मी विचारलं, "मिठागर गेलं तर काय करशील आक्का?"

"काय करनार? कंपनीत झाडू मारीन. घेतलान तं."

"मग हात वर करू नकोस ना!"

"भाऊ बघतय ना गो तोंडाकरं. मंग होतोच वर."

म्हणून मी काकांना त्या गावात नेलं. माझा डाव सरळ होता. काकांच्या सिनेमात एकच गोष्ट घडायची होती, तीही माझ्या हट्टामुळे: शेवटी लोक हुकूमशहाचा पुतळा दोरी लावून पाडतात. गावाने एकदा खोटा पुतळा पाडला की खऱ्या ग्रामसभेत हात खाली ठेवायचं बळ येईल. तालीमच ती. काका म्हणाले, "माझा सिनेमा म्हणजे तुमचं पत्रक नव्हे." पण खाडीचं पाणी, मिठाच्या राशी आणि कमरेला पदर खोचून उभी आक्का बघितली आणि खिशातला मोबाईल काढला. नायिका ठरली. भाऊंनाही विचारावं लागलंच. ते म्हणाले, "परदेशातली स्टोरी ना? मग करा की बिनधास्त. आम्हालापण एखादा रोल ठेवा."

पुतळा अर्थात पेणला करायला दिला. गणपती होऊन गेले होते, कारखान्यांत जरा उसंत होती. काकांच्या ओळखीचे एक मूर्तिकार होते. आखणीत, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्यात, नावाजलेले. गणवेश हवा, छातीवर पदकं हवीत, मिशा हव्यात, आणि पडला की फुटला पाहिजे म्हणून शाडूचा हवा, एवढं काकांनी सांगितलं. तयार झाल्यावर आम्ही बघायला गेलो. गणवेश फक्कड. पदकं झळझळीत. मिशा जरबेच्या. आणि त्यावर डोळे असे मायेचे, की हा आता विचारेल, जेवलीस का?

"अहो, हा माणूस लोकांना फासावर चढवतो!" मी ओरडले.

"सांगितलंय ना काकांनी," मूर्तिकार ओशाळून म्हणाले. "पुसून परत आखलं, ताई. पण डोळ्याला कुंचला लावताना मनात वाईट आणायचं नाय, हे लहानपणापासून शिकलोय. हात तिकडंच वळतो. दुसऱ्या वेळेला तर आणखीनच प्रसन्न झाला."

काका पुतळ्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "राहू द्या," ते म्हणाले. "क्रूर दिसला असता तर एवढी वर्षं टिकला असता का?"

पुतळा टेम्पोने गावात आला. इथे घोळ झाला. मूर्तिकारांनी सवयीप्रमाणे त्याला पाटावर बसवला होता आणि धूळ बसू नये म्हणून तोंडावर रुमाल टाकला होता. गावाने पाट पाहिला, रुमाल पाहिला, आणि पुढचं सगळं गावाच्या हातापायांनी आपलं आपण केलं. टेम्पोवाल्याच्या पायांवर पाणी घातलं. कुणीतरी ओवाळलं. बांधावर नेऊन ठेवेपर्यंत हुकूमशहाच्या टोपीवर जास्वंद होतं.

काकांनी जास्वंद काढलं, बांबू रोवला, मोबाईल लावला. पुतळा एकच होता, करून घ्यायची ऐपत एकाचीच. म्हणजे पाडायचं दृश्य एकदाच मिळणार. ते कधी नव्हे इतके घाबरलेले दिसत होते. "आक्का, दोरी गळ्यात टाका आणि ओढा. बाकीचे मागून ओरडा."

आक्काने दोरी हातात घेतली. पुतळ्याकडे बघितलं. दोरी खाली ठेवली. "नाय जमनार."

"का?"

"पाटावर बसून आलाय तो. तोंडावर फडका होता. त्याच्या गल्यान दोरी घालू? पाप नाय लागनार?"

मी पुढे झाले. "आक्का, हा देव नाही! हा हुकूमशहा आहे! गरिबांना मारणारा!"

"मारनारा हाय?"

"हो!"

"मंग तं जास्तच जपून न्यायला पायजे," आक्का म्हणाली. "टाकला आनी रागावला तं? तू जाशील रोह्याला. आमाला हितंच रावाचा हाय."

बायकांनी माना डोलावल्या. मी भाषण सुरू केलं. ते कुणी ऐकलं नाही, कारण तोवर पुरुषांनी चपला काढल्या होत्या. ठरून गेलं होतं. फोडायचा नाही, बोळवायचा. आरतीशी जरा अडलं. आरती कुणाची म्हणायची? एकाने काकांना विचारलं, "नाव काय याचा?" काका म्हणाले, "नाव ठेवलेलं नाही." मग आरती रद्द झाली. नुसताच उचलला, भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं त्यात उतरले, आणि हुकूमशहाला पदकांसकट तीनदा खालीवर करून सोडून दिला. त्याच वेळी कमरेएवढ्या पाण्यातून एक म्हातारा, जन्माच्या सवयीने, गरजला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

सगळे थबकले.

"याला कशाला बोलावतंस रं, मेल्या?" आक्का खेकसली.

"तोंडातना गेला गो!"

आणि बांधावर जो हशा उसळला, तो मी माझ्या कुठल्याही सभेत ऐकलेला नाही. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. मी मात्र रडकुंडीला आले होते. वळून काकांकडे पाहिलं. ते बांबू घट्ट धरून उभे होते, डोळे बारीक केलेले, ओठ हलत होते. "हलू नका कुणी, हसत राहा, हसत राहा," असं स्वतःशीच पुटपुटत होते.

सिनेमा तयार झाल्यावर त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावून दाखवला. पेणहून एक सिनेमातले जाणकार आले होते. त्यांनी शेवटी खाकरून मत दिलं की सगळं उत्तम, फक्त शेवट फसला, उठाव दिसला नाही. काका म्हणाले, "उठाव नाही. पण तो पुतळा आता कुठे आहे, शोधून दाखवा." जाणकार लाडू खाऊन गेले. त्याबद्दल कुणीही खबर दिली नाही.

मग ग्रामसभा आली. मी पिशवीत पत्रकं भरून निघाले. काका म्हणाले, मीपण येतो, खाडीच्या निवट्या, ताजी मासळी खायला मिळेल. गावात पोचलो तर शाळेच्या पटांगणात मिरवणुकीचा बेंजो वाजत होता. म्हटलं, संपलं. विकले गेले सगळे.

भाऊ वर खुर्चीत बसले होते. एकेका तोंडाकडे बघायला त्यांनी सुरुवात केलीच होती, तेवढ्यात आक्का आरतीचं ताट घेऊन पुढे आली. "विषय होतील मंग. आधी भाऊंचा मान." बायकांनी ओवाळलं. शाल आली, नारळ आला, गळ्यात झेंडूचा हार. भाऊ उभे राहिले, हात जोडले, भाषणाला तोंड उघडलं, तोच बेंजोने जोर धरला. बायकांनी दोन्ही बाजूंनी वाट केली. त्या वाटेने भाऊ चालू लागले, कारण इतक्या मानानं कुणी वाट केली की माणूस चालतोच. पोरं पुढे नाचत होती. भाऊंनीही दोन पावलं टाकली. गाडीचं दार कुणीतरी उघडून धरलं होतं. हार सांभाळत भाऊ बसले, काच खाली करून हात हलवत राहिले, आणि गाव बेंजोसकट त्यांच्या गाडीमागे हायवेच्या फाट्यापर्यंत गेलं. फाट्यावरून गाडी पेणकडे वळली. आता ओवाळून पोचवल्यावर कोणता भाऊ परत येईल? संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोटो टाकले. ग्रामस्थांचं प्रेम, म्हणून.

गाव परत आलं. वरची खुर्ची रिकामी होती. सरपंचबाईंनी ठराव वाचला आणि विचारलं, कोण कोण अनुकूल आहे? कुणी 'नाही' म्हटलं नाही, कुणी मूठ वळली नाही, कुणी उभंसुद्धा राहिलं नाही. नुसते हात मांडीवर होते. आक्काचे पदराखाली एकमेकांत घट्ट अडकलेले होते आणि ती जमिनीकडे बघत होती. सरपंचबाईंनी परत विचारलं. मग म्हणाल्या, "बहुमत नाही. पुढचा विषय, दिवाबत्ती."

जेटी कायमची टळली असं मी म्हणणार नाही. ठराव परत येईल, भाऊही येतील. पण त्या वर्षी आक्काने मीठ पिकवलं.

माझ्या पिशवीतली पत्रकं तशीच होती. मी काकांना शोधू लागले. ते पटांगणाच्या कडेला धापा टाकत बसले होते, शर्ट घामाने भिजलेला. बेंजोपुढे फाट्यापर्यंत नाचले होते. मोबाईल खिशात होता. चित्रण शून्य. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मला टोमणा मारवेना.

मग उठले आणि थेट आक्काकडे गेले. "आक्का, हे परत एकदा होईल का हो? असंच, ओवाळण्यापासून फाट्यापर्यंत. माझं घ्यायचंच राहिलं."

"व्हईल ना," आक्का ताटातलं कुंकू पुसत म्हणाली. "पन त्याला परत बोलवाला लागंल. तू बोलवतंस?"

मी म्हटलं, चला काका, गाडी चुकेल. पण काका जागचे हलले नाहीत. फाट्याकडच्या रस्त्याकडे बघत ते खरोखरच विचार करत होते.